ऑल्डो लिओपोल्ड

ऑल्डो लिओपोल्ड (११ जानेवारी १८८७ – २१ एप्रिल १९४८) हे अमेरिकन वनाधिकारी, वन्यजीवशास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि निसर्गलेखक होते. वन्यजीव व्यवस्थापन या विद्याशाखेचे ते संस्थापक मानले जातात. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हा निबंधसंग्रह पर्यावरणविषयक साहित्यातील अत्यंत प्रभावी ग्रंथांपैकी एक आहे. माणूस हा भूमीचा मालक नसून माती, पाणी, वनस्पती व प्राणी यांच्या समुदायाचा एक सभासद आहे, अशी त्यांची मांडणी होती. ती 'भूमि-नीती' या नावाने ओळखली जाते. विस्कॉन्सिन राज्यात शेतकरी, शहरी नागरिक, विद्यार्थी आणि स्वतःचे कुटुंब यांना बरोबर घेऊन त्यांनी उजाड जमिनीवर वन्यजीवांचे अधिवास पुन्हा उभे करण्याचे प्रयोग केले. आज 'परिसंस्था पुनरुज्जीवन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्याची सुरुवात म्हणून या प्रयोगांकडे पाहिले जाते.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

लिओपोल्ड यांचा जन्म आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या मिसिसिपी नदीकाठच्या गावी एका जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. चार भावंडांत ते थोरले होते. वडील कार्ल यांचा लेखनमेजे बनविण्याचा कारखाना होता. ते हौशी शिकारी होते. मात्र पाणपक्ष्यांची संख्या घटताना पाहून त्यांनी कायद्याची वाट न बघता स्वतःच्या शिकारीवर बंधने घालून घेतली होती. मुलांना ते नदीकाठच्या पाणथळ जागी व टेकड्यांवर हिंडायला नेत. कुटुंबाचा उन्हाळा ह्यूरॉन सरोवरातील ले शेनो बेटांवर जात असे. पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याची सवय लिओपोल्ड यांना शालेय वयातच लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

न्यू जर्सीतील लॉरेन्सव्हिल शाळेत शिकल्यानंतर ते येल विद्यापीठात दाखल झाले. तेथील वनविद्यालय गिफर्ड पिंचॉट यांच्या कुटुंबाच्या देणगीतून १९०० साली सुरू झाले होते. लिओपोल्ड यांनी १९०९ मध्ये वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली.

वनसेवेतील कारकीर्द

पदवी मिळताच ते अमेरिकेच्या वनसेवेत रुजू झाले. त्यांची पहिली नेमणूक ॲरिझोनातील अपाची राष्ट्रीय वनात झाली. १९११ मध्ये त्यांची बदली न्यू मेक्सिकोतील कार्सन राष्ट्रीय वनात झाली व पुढील वर्षी ते त्या वनाचे प्रमुख झाले. ९ ऑक्टोबर १९१२ रोजी सँटा फे येथे एस्टेला बर्जेअर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना स्टार्कर, लूना, नीना, कार्ल आणि एस्टेला ही पाच अपत्ये झाली. १९१३ च्या वसंतात वादळी हवामानात केलेल्या दीर्घ दौऱ्यानंतर त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार जडला. त्यातून बरे होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. त्यानंतर डोंगरातील फिरतीचे काम त्यांच्याकडे राहिले नाही आणि शिकारयोग्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाकडे त्यांचे लक्ष अधिक वळले.

न्यू मेक्सिकोत त्यांनी शिकारी व पशुपालक यांच्या स्थानिक संघटना उभारल्या. या संघटनांचा एक प्रमुख उद्देश लांडगे व डोंगरी सिंह यांचा नायनाट करणे हा होता. भक्षक संपले की हरणे वाढतील, हा त्या काळचा सर्वमान्य समज लिओपोल्ड यांनाही मान्य होता. पुढे तो त्यांनी पूर्णपणे सोडून दिला. अपाची वनात असताना आपण मारलेल्या एका लांडग्याविषयी त्यांनी १९४४ मध्ये जो निबंध लिहिला, तो या मतांतराची कबुली म्हणून प्रसिद्ध आहे. भक्षक नाहीसे झालेल्या डोंगरांवर हरणांनी झाडोरा खाऊन संपवला आणि अखेर तीच भुकेने मेली, हे त्यांनी अनेक ठिकाणी पाहिले होते.

नैर्ऋत्येकडील याच वास्तव्यात जमिनीची धूप हा त्यांच्या चिंतेचा विषय बनला. गुरांच्या अतिचराईमुळे उतारांवरील गवत नष्ट झाले, पावसाचे पाणी घळी पाडू लागले आणि ॲरिझोनातील ब्लू नदीच्या खोऱ्यातील सुपीक शेते वाहून गेली. या निरीक्षणांच्या आधारे त्यांनी १९२३ मध्ये वनसेवेसाठी पाणलोट क्षेत्रांविषयी एक मार्गदर्शिका तयार केली. रस्ते न काढता काही वनप्रदेश मूळ स्थितीत राखावेत, असा आग्रहही त्यांनी धरला. त्याचे फलित म्हणून ३ जून १९२४ रोजी न्यू मेक्सिकोतील गिला वनाचा मोठा भाग अमेरिकेतील पहिले राखीव निबिड अरण्य म्हणून घोषित झाला.

विस्कॉन्सिनमध्ये आगमन

१९२४ मध्ये लिओपोल्ड विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे वनोत्पादन प्रयोगशाळेचे सहायक संचालक म्हणून आले. लाकडाच्या उपयोगांवर संशोधन करणाऱ्या या संस्थेत त्यांचे मन रमले नाही. १९२८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि बंदुका व काडतुसे बनविणाऱ्या उत्पादकांच्या संस्थेच्या खर्चाने मध्य-उत्तर राज्यांतील शिकारयोग्य प्राण्यांची पाहणी हाती घेतली. तिचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतांच्या कडेची झुडपे, दलदली आणि पडीक कोपरे नाहीसे होत असल्याने प्राण्यांना अन्न व आडोसा उरत नाही, हे या भ्रमंतीत त्यांना ठिकठिकाणी दिसले. शिकारीवर बंदी घालून किंवा पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून ही उणीव भरून निघणार नाही, अशी त्यांची खात्री झाली.

१९३३ मध्ये त्यांचा 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या साधनांनी वन्यजीवांचा ऱ्हास झाला, तीच साधने विचारपूर्वक वापरल्यास वन्यजीव परत आणता येतील, हे त्याचे मध्यवर्ती प्रतिपादन होते. रान, कुरण, शेत आणि पाणथळ जागा जेथे एकमेकांना भिडतात त्या कडांवर अनेक प्राण्यांची संख्या अधिक असते, हेही त्यात दाखवले आहे. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने कृषी-अर्थशास्त्र विभागात त्यांच्यासाठी वन्यजीव व्यवस्थापनाचे अध्यासन निर्माण केले. अमेरिकेतील हे अशा प्रकारचे पहिले अध्यासन होते.

रायली येथील सहकारी प्रयोग

मॅडिसनपासून काही मैलांवर असलेल्या रायली या वस्तीत १९३१ साली लिओपोल्ड यांनी सामूहिक अधिवासनिर्मितीचा पहिला दीर्घ प्रयोग सुरू केला. तेथील शेतकरी परवानगीविना शेतात घुसणाऱ्या शहरी शिकाऱ्यांमुळे त्रस्त होते. शहरातील शिकाऱ्यांना शिकारीसाठी जागा मिळत नव्हती आणि शेतांत पक्षीही फारसे उरले नव्हते. या तिन्ही अडचणींवर एकच उपाय म्हणून शेतकरी व शहरवासीय यांची 'रायली गेम कोऑपरेटिव्ह' ही संघटना स्थापन झाली. शेतकऱ्यांनी जमीन दिली, शहरी सभासदांनी खर्च उचलला आणि श्रम दोघांनी वाटून घेतले. कालांतराने त्यात ११ शेतकरी व ५ शहरी सभासद सहभागी झाले आणि सुमारे १,७०० एकर क्षेत्र तिच्या कक्षेत आले.

संघटनेने गुरांपासून बचावासाठी काही जागांना कुंपण घातले, आडोशासाठी झाडे व झुडपे लावली आणि बर्फाच्या दिवसांत पक्ष्यांना दाणे मिळावेत म्हणून खाद्यस्थाने उभारली. फेझंट पक्षी सोडण्यात आले, तसेच लावा पक्ष्यांचे थवे दरवर्षी मोजण्यात आले. लिओपोल्ड यांचे विद्यार्थी गणनेसाठी येथे येत असल्याने रायली ही विद्यापीठाची उघड्यावरची प्रयोगशाळाच बनली. १९३१ ते १९३९ या काळाचा वृत्तांत लिओपोल्ड यांनी १९४० मध्ये एका संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केला.

जेफरसन काउंटीतील फेविल ग्रोव्ह येथेही विद्यार्थी व शेतकरी यांचा असाच एकत्रित प्रयोग चालला. तेथील मूळ गवताळ प्रदेशाचा उरलेला तुकडा रानटी ऑर्किडसाठी प्रसिद्ध होता. चराईमुळे ती फुले नाहीशी होत असल्याचा इशारा लिओपोल्ड यांनी १९४० मध्ये दिला. पुढे त्यातील काही भाग खरेदी करून विद्यापीठाच्या ताब्यात कायमचा राखण्यात आला.

कून व्हॅली

१९३३ मध्ये विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागातील कून ओढ्याच्या खोऱ्यात, संपूर्ण पाणलोट क्षेत्र हाती घेणारा अमेरिकेतील पहिला मृदसंधारण प्रकल्प सुरू झाला. ह्यू बेनेट यांच्या नेतृत्वाखालील केंद्रीय मृदसंस्था तो राबवीत होती आणि लिओपोल्ड त्यात सल्लागार होते. तीव्र उतारांवरील चराई व नांगरणीमुळे हे खोरे घळींनी पोखरले गेले होते आणि ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध असलेले ओढे गाळाने भरले होते. ४०० हून अधिक शेतकऱ्यांनी पाच वर्षांचे करार केले. सरकारने मजूर, कुंपण, बियाणे व चुना पुरवायचा आणि शेतकऱ्याने उताराला आडवी पट्टापद्धतीची शेती करायची, तसेच डोंगरमाथ्याच्या रानातून गुरे बाहेर काढायची, असे या करारांचे स्वरूप होते. महामंदीच्या काळात बेरोजगार तरुणांसाठी उभारलेल्या 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' या दलाने घळींना बांध घातले व झाडे लावली. लिओपोल्ड यांचे दोन मुलगे, स्टार्कर व लूना, यांनीही येथे काम केले.

या प्रकल्पाचे लिओपोल्ड यांना मोठे कौतुक होते. शेती, वन, चराई आणि वन्यजीव यांची आखणी एकाच जमिनीवर एकत्रितपणे होत होती. एरवी सरकारची वेगवेगळी खाती परस्परविरोधी कामे करीत असत. मात्र करारांची मुदत संपल्यावर, ज्या उपायांतून थेट आर्थिक लाभ होता तेच शेतकऱ्यांनी प्रामुख्याने चालू ठेवल्याचेही त्यांना आढळले. अनुदान व स्वार्थ यांच्या आधारे सुरू झालेले संवर्धन तेवढ्यापुरतेच टिकते, आणि जमिनीविषयीचे कर्तव्य मनात रुजल्याशिवाय त्याला स्थैर्य येत नाही, या त्यांच्या पुढील विचाराचे मूळ या अनुभवात आहे.

विद्यापीठाचे वनस्पती उद्यान

१७ जून १९३४ रोजी मॅडिसन येथे विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाचे औपचारिक उद्घाटन झाले. जगभरातील शोभिवंत झाडांचा संग्रह करण्याऐवजी, युरोपीय वसाहतींपूर्वी विस्कॉन्सिनची भूमी कशी होती याचा नमुना येथे उभा करावा, अशी दृष्टी लिओपोल्ड यांनी उद्घाटनाच्या भाषणात मांडली. निरोगी जमीन कशी असते हे ठाऊक नसेल तर आजारी जमिनीवर उपचार करता येणार नाहीत, असा त्यामागील विचार होता.

नॉर्मन फॅसेट यांसारखे वनस्पतिशास्त्रज्ञ या योजनेत सहभागी होते. १९३५ पासून थिओडोर स्पेरी यांच्या देखरेखीखाली 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर'च्या तरुणांनी जुन्या शेतजमिनीवर प्रेअरीतील गवते व फुलझाडे लावली. ही रोपे व मुळांसह काढलेले मातीचे तुकडे उरल्यासुरल्या मूळ प्रेअरींतून आणले जात. गवतांच्या वाढीत आगीचे स्थान काय, यावरचे प्रयोगही येथे झाले. शेतजमिनीचे मुद्दाम पुन्हा गवताळ परिसंस्थेत रूपांतर करण्याचा हा जगातील सर्वांत जुना प्रयत्न मानला जातो. हे क्षेत्र आता वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांच्या नावाने 'कर्टिस प्रेअरी' म्हणून ओळखले जाते.

नदीकाठची जमीन

१९३५ मध्ये लिओपोल्ड यांनी बाराबू गावाजवळ विस्कॉन्सिन नदीच्या काठी ८० एकर पडीक जमीन घेतली. ती जमीन वालुकामय होती आणि मक्याच्या पिकाने निकृष्ट झाली होती. मूळ घर जळून गेले होते. कोंबड्यांचे एक खुराडे तेवढे उभे होते. कुटुंबाने ते साफ करून राहण्याजोगे केले. हेच पुढे 'द शॅक' म्हणून प्रसिद्ध झाले.

सुट्ट्यांत व आठवडाअखेरीस सारे कुटुंब येथे येत असे. दर एप्रिलमध्ये पाइनची रोपे लावली जात. एकाने फावड्याने जमिनीत चीर पाडायची आणि दुसऱ्याने त्यात रोप बसवून माती दाबायची, अशी पद्धत होती. पहिल्या मोठ्या लागवडीची बहुतेक रोपे १९३६ च्या दुष्काळात मेली. पुढच्या वसंतात कुटुंबाने पुन्हा लागवड केली आणि लिओपोल्ड यांच्या मृत्यूपर्यंत हा क्रम सुरू राहिला. या काळात हजारो झाडे लावली गेली. खुराड्यासमोरील जुन्या मक्याच्या शेतात प्रेअरीची फुले व गवते आणून लावण्यात आली. कोणते रोप कोठे जगले व कोठे मेले, कोणते फूल कोणत्या तारखेला उमलले, कोणता पक्षी केव्हा परतला, याच्या नोंदी रोजनिशीत ठेवल्या जात. ऋतूंच्या या नोंदी त्यांची कन्या नीना यांनी पुढे अनेक वर्षे चालू ठेवल्या. हवामानबदलाच्या अभ्यासात त्यांचा उपयोग झाला आहे.

अध्यापन व लोकशिक्षण

लिओपोल्ड यांचे अध्यापन विद्यापीठाच्या वर्गांपुरते मर्यादित नव्हते. हिवाळ्यात शेतकरी तरुणांसाठी भरणाऱ्या अल्पकालीन अभ्यासक्रमात ते शिकवीत. विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावरून त्यांची भाषणे होत. १९३८ पासून त्यांनी एका कृषी नियतकालिकात शेतकऱ्यांसाठी छोटे लेख लिहिले. शेताच्या बांधावर झुडपे कशी राखावीत, लावा पक्ष्यांना हिवाळ्यात काय लागते, दलदल कोरडी का करू नये, असे त्यांचे विषय असत.

विस्कॉन्सिनमध्ये शालेय पातळीवर अनुकूल वातावरण आधीच तयार होत होते. शाळांना वनासाठी जमीन बाळगण्याची मुभा देणारा कायदा १९२७ मध्ये झाला आणि पुढील वर्षी फॉरेस्ट काउंटीतील लाओना, क्रँडन व वाबेनो येथे राज्यातील पहिली शालेय वने सुरू झाली. विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाचे अधिष्ठाता हॅरी रसेल यांना ऑस्ट्रेलियात सार्वजनिक जमिनीवर झाडे लावणारी शाळकरी मुले पाहून ही कल्पना सुचली होती. १९३५ मध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणात निसर्गसंवर्धन हा विषय कायद्याने आवश्यक ठरला.

१९३९ मध्ये विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग झाला व लिओपोल्ड त्याचे प्रमुख झाले. त्यांचा वन्यजीव परिस्थितिकीचा अभ्यासक्रम या क्षेत्रात नोकरी न करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही खुला होता. प्राणिशास्त्राच्या शिक्षणात विच्छेदनाला व नामावलीला अवाजवी महत्त्व दिले जाते, अशी त्यांची टीका होती. रस्त्याकडेची झाडे, घळ किंवा कुंपण पाहून त्या जमिनीचा इतिहास ओळखता येणे हे त्यांना शिक्षणाचे खरे लक्षण वाटे. घराच्या परसात चिमण्यांच्या एका जातीचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या मार्गारेट मोर्स नाइस यांच्यासारख्या हौशी अभ्यासकांचे उदाहरण ते देत असत.

हरणांचा वाद

१९४३ मध्ये लिओपोल्ड यांची राज्याच्या संवर्धन आयोगावर नेमणूक झाली. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात हरणांची संख्या जंगलाच्या क्षमतेबाहेर गेली होती. कोवळी झाडे खाल्ली जात होती आणि हिवाळ्यात हरणे उपासमारीने मरत होती. माद्यांच्याही शिकारीस परवानगी देऊन कळप कमी करावा, असे लिओपोल्ड यांचे मत होते. त्याला तीव्र विरोध झाला आणि त्यांच्यावर वृत्तपत्रांतून टीका करण्यात आली. लोकांना बरोबर घेऊन संवर्धन करण्याचा आग्रह धरणाऱ्या लिओपोल्ड यांना या प्रश्नावर मोठ्या जनसमुदायाचे मन वळवता आले नाही. वन्यजीवांपेक्षा माणसांचे व्यवस्थापन अधिक अवघड आहे, हा निष्कर्ष त्यांनी या काळात वारंवार मांडला.

निधन

नदीकाठच्या जमिनीवरील निरीक्षणांतून लिहिलेल्या निबंधांचे हस्तलिखित अनेक वर्षे प्रकाशकाच्या शोधात होते. १४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते स्वीकारल्याचे कळवले. एका आठवड्याने, २१ एप्रिल रोजी, शेजाऱ्याच्या शेतात लागलेली गवताची आग विझवायला मदत करताना हृदयविकाराच्या झटक्याने लिओपोल्ड यांचे निधन झाले. ही आग त्यांच्या पाइनच्या लागवडीच्या दिशेने येत होती. पत्नी व धाकटी कन्या त्या वेळी त्यांच्याबरोबर होत्या. बर्लिंग्टन येथे त्यांचे दफन करण्यात आले. पुत्र लूना यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने पुस्तकाचे संपादन पूर्ण केले.

मूल्यमापन व वारसा

'अ सँड काउंटी अल्मनॅक' प्रारंभी फारसे खपले नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कागदी बांधणीत उपलब्ध झाले आणि पर्यावरण चळवळीच्या काळात त्याचा मोठा प्रसार झाला. त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले आहेत. काही अभ्यासकांनी लिओपोल्ड यांच्या विचारांतील मर्यादाही दाखवल्या आहेत. गिलाचे अरण्य हे अपाचींचे आणि विस्कॉन्सिन नदीचा काठ हा हो-चंक लोकांचा प्रदेश होता. तेथील आदिवासींचे विस्थापन त्यांच्या लेखनात पुरेसे येत नाही, असा आक्षेप घेतला जातो.

लिओपोल्ड यांची पाचही मुले निसर्गविज्ञान किंवा संवर्धन या क्षेत्रांत कार्यरत राहिली. स्टार्कर, लूना व एस्टेला हे तिघे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. पाचही भावंडांनी १९८२ मध्ये ऑल्डो लिओपोल्ड फाउंडेशनची स्थापना केली. नदीकाठचे खुराडे व त्याभोवतीची जमीन २००९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. मॅडिसनच्या वनस्पती उद्यानातून १९९० च्या दशकात 'अर्थ पार्टनरशिप फॉर स्कूल्स' हा उपक्रम सुरू झाला. त्यात शिक्षकांना प्रशिक्षण देऊन विद्यार्थ्यांकडून शाळेच्या आवारात स्थानिक गवते व फुलझाडांचे अधिवास तयार करून घेतले जातात.

लिओपोल्ड यांनी १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या दलदलींतील सँडहिल क्रौंचांवर निबंध लिहिला, तेव्हा हे पक्षी राज्यातून जवळजवळ नाहीसे झाले होते. शिकारबंदी व पाणथळ जागांचे संरक्षण यांमुळे त्यांची संख्या पुढे मोठ्या प्रमाणात वाढली. शरद ऋतूत स्थलांतरापूर्वी क्रौंचांचे मोठे थवे आता लिओपोल्ड यांच्या जमिनीलगतच्या नदीपात्रातील वाळूच्या पट्ट्यांवर मुक्कामाला उतरतात.